पाणी तपासले, पण गाळाचे काय?

नदीच्या पाण्यात प्रतिजैविके शोधमर्यादेच्या खाली, म्हणजे उपकरणाला ओळखता येणार नाहीत इतकी कमी, आढळली, असे वाक्य एखाद्या तपासणी अहवालात वाचले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो गाळाचा. पाण्याचा नमुना म्हणजे त्या दिवशी, त्या घटकेला तेथून वाहत गेलेले पाणी. दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरेच पाणी असते. गाळ मात्र जागेवर असतो आणि वरून आलेले बरेच काही धरून ठेवतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की प्रतिजैविकांच्या प्रदूषणाच्या बाबतीत आपण नदीचा अर्धाच भाग तपासतो, आणि नेमका जास्त धोक्याचा अर्धा भाग सोडून देतो. पोस्ट मोठी झाली आहे, पण हा विषय चार ओळींत मांडला तर त्यातून गैरसमजच जास्त होतील.

गोळी पोटात गेली की औषधाचे काम झाले आणि औषधही संपले, असे आपण धरून चालतो. वस्तुतः अमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचाही मोठा हिस्सा न बदलता सांडपाण्यात येतो. जनावरांना आणि मत्स्यशेतीत दिली जाणारी औषधे वेगळी, रुग्णालयांचे सांडपाणी वेगळे, आणि औषधांची मूळ द्रव्ये बनवणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी त्याहून वेगळे. माणसांनी घेतलेल्या प्रतिजैविकांपैकी दरवर्षी सुमारे ८,५०० टन नद्यांपर्यंत पोहोचतात, असा अंदाज २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने मांडला. त्यात जनावरांची औषधे आणि कारखाने धरलेलेच नाहीत. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे आहेत हे खरे, पण त्यांची आखणी सेंद्रिय भार, तरंगता मळ आणि फार तर नायट्रोजन-फॉस्फरस कमी करण्यासाठी झालेली असते. औषधांचे रेणू काढून टाकणे हे त्यांचे उद्दिष्ट कधी नव्हतेच.

आता हे सारे गाळात का जाते, ते पाहू. टेट्रासायक्लिन घेताना कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका, असे डॉक्टर बजावतात, कारण टेट्रासायक्लिनचा रेणू कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांना घट्ट धरतो आणि मग शरीरात नीट शोषला जात नाही. नदीतही तो हेच करतो. चिकणमातीच्या कणांवर हे धातू असतातच, त्यांना धरून तो कणाला चिकटतो, आणि कण तळाशी बसला की त्याच्याबरोबर खाली जातो. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या कुळातील फ्लोरोक्विनोलोन औषधांचेही तसेच. सल्फामेथोक्साझोल मात्र फारसे चिकटत नाही, ते पाण्याबरोबर पुढे जात राहते. पेनिसिलिन वर्गातील औषधांची मूळ कडीच पाण्यात लवकर तुटते, म्हणून एवढी वापरात असूनही ती नदीत क्वचितच सापडतात. म्हणजे 'पाण्यात आढळले नाही' या एकाच शेऱ्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. पेनिसिलिनच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुधा 'मोडून गेले' असा असतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत 'खाली जाऊन बसले' असाही असू शकतो. अहवालात दोन्ही एकाच रकान्यात, एकाच शब्दांत येतात. माझा आक्षेप सुरू होतो तो येथे.

गाळाचा नमुना घेताना पारदर्शक नळी तळात उभी दाबायची, वरचे तोंड बंद करायचे आणि हलक्या हाताने वर काढायची. नळीत गाळाचे थर उभे दिसतात. सर्वांत वर काही मिलिमीटरचा तपकिरी, मऊ थर असतो. प्राणवायू असतो तो तेवढ्यातच. त्याखाली रंग करडा होत जातो आणि मग काळाभोर, लोहाच्या सल्फाइडमुळे. नळी उघडली की हायड्रोजन सल्फाइडचा वास खोलीभर पसरतो. मग गाळ खालून थोडा थोडा वर ढकलत पातळ पत्र्याने एकेक सेंटिमीटरच्या चकत्या कापायच्या आणि प्रत्येक चकती लगेच ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायची. फॉइल अशासाठी, की सिप्रोफ्लॉक्सासिन उजेडात मोडते. टेबलावर नमुना उघडा ठेवला तर आपण मोजायला निघालेली गोष्टच हळूहळू नाहीशी होईल. नदीच्या वरच्या, उथळ, उन्हातल्या पाण्यातही ती अशीच मोडत असते. तळाच्या काळ्या थरात ऊन पोहोचत नाही, आणि तेथे तीच गोष्ट महिनोन्‌महिने टिकते.

पुढची पायरी मला नेहमीच विचार करायला लावते. नुसत्या पाण्याने गाळ कितीही ढवळला तरी टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन पुरेसे सुटत नाही. त्यासाठी ईडीटीए मिसळलेले आम्ल द्रावण लागते. ईडीटीए धातूंना स्वतःकडे ओढून घेते, तेव्हा कुठे गाळाची पकड सैल होते आणि औषध द्रावणात उतरते. इतकी घट्ट पकड असेल, तर मग हे औषध जिवाणूंना तरी कसे मिळणार, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. गाळाला चिकटलेल्या औषधाचा प्रभाव मोकळ्या औषधापेक्षा कमी असतो, हे मान्यच करायला हवे. पण तो शून्य होत नाही. मातीला चिकटलेल्या टेट्रासायक्लिनमुळेही जिवाणूंची वाढ रोखली जाते, हे प्रयोगांत दिसले आहे. शिवाय चिकटलेले आणि मोकळे यांच्यात सतत देवघेव चालू असते. गाळाच्या कणांमधील पाण्यात थोडे औषध सुटलेले असतेच, आणि जिवाणू राहतात ते त्याच पाण्यात, कणांच्या पृष्ठभागावर. पूर आला, पात्र खोदले, पाण्याची आम्लता किंवा क्षारता बदलली, की हा तोल ढळतो आणि वर्षानुवर्षे साठलेले पुन्हा प्रवाहात येते. ज्याला आपण साठवणूक समजतो, ती परिस्थिती बदलली की उगम होते.

या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण हैदराबादजवळच्या पटनचेरूचे आहे. सुमारे ९० औषधनिर्मिती कारखान्यांचे सांडपाणी जेथे येत असे, त्या सामाईक शुद्धीकरण केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरला ३१,००० मायक्रोग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढी पातळी नसते. पुढे २०११ मध्ये त्याच परिसरातील नदीच्या गाळातील डीएनए वाचला गेला, तेव्हा औषधांना दाद न देण्याची जनुके त्यात मोठ्या प्रमाणात होती, आणि ती जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात वाहून नेणारे डीएनएचे तुकडेही तितकेच विपुल होते. मला यातली दुसरी गोष्ट जास्त गंभीर वाटते.

पटनचेरू हे टोकाचे उदाहरण आहे आणि त्याचा एक दुष्परिणामही झाला आहे. इतर नद्यांतील आकडे त्याच्या शेजारी ठेवले की ते किरकोळ वाटतात आणि 'आपल्याकडे तसे नाही' म्हणून विषय मिटतो. प्रत्यक्षात जिवाणू मारण्याइतके औषध असायलाच हवे असे नाही. २०११ मध्येच स्वीडनमधील आणखी एका गटाने दाखवले, की संवेदनशील जिवाणूंची वाढ थांबवायला जेवढे औषध लागते, त्याच्या एक चतुर्थांशापासून ते चक्क २३० व्या हिश्शापर्यंत खाली गेले, तरी प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जिवाणू शेजाऱ्यांवर मात करू लागतात. कोणीही मरत नाही. संवेदनशील जिवाणूंची वाढ किंचित मंदावते, प्रतिरोधक जिवाणूंची मंदावत नाही, आणि पिढ्यामागून पिढ्या एवढा फरक पुरतो. जिवाणूंची पिढी तासांत किंवा दिवसांत मोजतात, गाळ वर्षानुवर्षे तेथेच असतो.

पेट्री डिशमध्ये हे फार स्पष्ट दिसते. जेलीसारख्या आगरवर जिवाणूंचा एकसारखा थर पसरवून मध्ये औषधाची छोटी कागदी चकती ठेवली, की दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ, मोकळे वर्तुळ तयार होते. तेथे काहीच वाढलेले नसते. सांडपाण्याच्या नाल्याखालच्या गाळातून वाढवलेल्या जिवाणूंच्या काही डिश मी अशा पाहिल्या आहेत, की त्या वर्तुळाच्या आत, चकतीच्या अगदी कडेला, टाचणीच्या डोक्याएवढ्या गोल, चकचकीत वसाहती ठळक उभ्या असतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले की चकतीवर औषध घालायचे राहून गेले. पुन्हा केले. पुन्हा तेच.

प्रतिरोध ही माणसाने निर्माण केलेली गोष्ट नाही, हेही येथेच सांगायला हवे. ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या जमिनीतील डीएनएमध्येसुद्धा अशी जनुके सापडली आहेत. सूक्ष्मजीव एकमेकांविरुद्ध ही रसायने फार पूर्वीपासून वापरत आले आहेत आणि त्यांवरचे उतारेही. नवी गोष्ट आहे ती या जनुकांच्या प्रवासाची. क्विनोलोन औषधांपासून जिवाणूला वाचवणारे एक जनुक आज जगभरच्या रुग्णालयांतील जिवाणूंमध्ये आढळते, आणि त्याचे मूळ घर आहे शेवानेला अल्गी नावाचा पाण्यात राहणारा जिवाणू. पाण्यातून रुग्णालयापर्यंत ते पोहोचले प्लाझ्मिडवर बसून, म्हणजे जिवाणूंमध्ये देवाणघेवाण होणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर. अशी देवाणघेवाण व्हायला जागा कशी हवी? गर्दी दाट हवी, वेगवेगळ्या जातींचे जिवाणू एकमेकांना चिकटून राहायला हवेत, आणि प्रतिरोध बाळगण्यात फायदा असेल एवढे औषध सतत हवे. नदीच्या गाळाच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू चिकट थरांत एकत्र राहतात, वरून मैलापाण्यातून आलेले आतड्यातील जिवाणू त्यांच्यात मिसळतात, आणि औषध तेथे साठलेलेच असते. त्यात तांबे, जस्त यांसारखे धातूही गाळातच साठतात. धातूंना तोंड देणारी आणि औषधांना तोंड देणारी जनुके बऱ्याचदा एकाच प्लाझ्मिडवर असल्यामुळे औषध संपले, तरी धातूंमुळे ती टिकून राहतात.

येथपर्यंतचे बोलणे थोड्याफार फरकाने अनेकांनी ऐकलेले असते, कारण त्याच्या शेवटी माणूस आहे. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, आणि त्यांचा हातभार लागलेले मृत्यू ४९ लाख ५० हजारांच्या घरात होते. या आकड्यांपुढे नदीचे स्वतःचे काय होते, हा प्रश्न विचारणेही काही जणांना गैर वाटते. मला ते गैर वाटत नाही.

नदीचे बरेचसे काम जिवाणू करतात आणि प्रतिजैविक हे जिवाणूंविरुद्धच बनवलेले हत्यार आहे. ते रोगाचा जिवाणू आणि कामाचा जिवाणू असा भेद करत नाही. सायनोबॅक्टेरिया, ज्यांना आपण निळे-हिरवे शेवाळ म्हणतो, ते मुळात जिवाणूच आहेत आणि म्हणून अनेक प्रतिजैविकांना ते खऱ्या हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी पट अधिक संवेदनशील असतात. ते प्रकाशसंश्लेषण करतात, त्यांच्यातील काही हवेतला नायट्रोजन बांधतात, आणि दगडांवरच्या व गाळावरच्या त्या निसरड्या थराचा ते पाया असतात. तो थर खरवडून जगणाऱ्या गोगलगाई आणि किडे त्यावर अवलंबून असतात. वनस्पतीही पूर्ण सुरक्षित नाहीत. हरितलवके पूर्वी कधीतरी स्वतंत्र जिवाणू होती, आणि त्यांची डीएनए सांभाळणारी यंत्रणा अजून जिवाणूंसारखीच आहे; त्यामुळे फ्लोरोक्विनोलोनचा परिणाम पाण्यावर तरंगणाऱ्या इवल्याशा डकवीडवरही होतो.

नायट्रोजनचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शेतांतून आणि सांडपाण्यातून आलेले नायट्रेट नदी स्वतःच बऱ्याच अंशी कमी करते. हे काम गाळाच्या त्या काळपट, प्राणवायू नसलेल्या भागातील जिवाणू करतात. ते नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत करून त्याला हवेत सोडतात. म्हणजे नदीची ही फुकटची शुद्धीकरण यंत्रणा नेमकी तेथेच आहे, जेथे औषध सर्वांत जास्त काळ टिकते. प्रतिजैविकांमुळे ही क्रिया मंदावल्याचे प्रयोगांत आढळले आहे. ती अर्धवट झाली तर नायट्रोजन वायूऐवजी नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो, आणि तो तीव्र हरितगृह वायू आहे. याचा उल्लेख मला नदीच्या आरोग्याच्या अहवालात क्वचितच दिसतो.

परिणाम नेहमी 'घट' याच स्वरूपात दिसेल असेही नाही. पाण्यात पडलेल्या पानांवर आधी बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि मग ती पाने छोटे प्राणी खातात. जिवाणू कमी झाले तर बुरशीला मोकळे रान मिळते. एका प्रयोगात प्रतिजैविकांच्या मिश्रणात भिजलेली पाने त्या प्राण्यांनी नेहमीच्या पानांपेक्षा जास्त पसंत केली, कारण त्यांवर बुरशी अधिक होती. वरवर पाहता हे नुकसान नाही. पण कोण कोणाला खातो आणि काय आधी कुजते, याचा क्रम त्यामुळे बदलतो, आणि असे बदल माशांच्या मृत्यूसारखे डोळ्यांत भरत नाहीत. मेलेले मासे तरंगू लागले की लोक जमतात. गाळातल्या जिवाणूंचे प्रमाण बदलले तर नदी दिसायला तशीच दिसते.

आता धोका मोजण्याच्या पद्धतीबद्दल. सर्वसाधारणपणे नदीत आढळलेल्या औषधाच्या प्रमाणाला सुरक्षित मानलेल्या प्रमाणाने भागतात. उत्तर १ पेक्षा जास्त आले तर धोका मोठा, ०.१ ते १ च्या मध्ये आले तर मध्यम. हिशेब सोपा आहे, अडचण भाजकाची आहे. पाण्यासाठी सुरक्षित प्रमाण ठरवणारे काम पुष्कळ झाले आहे. प्रतिरोधाला उत्तेजन मिळणार नाही अशा पातळ्या १११ प्रतिजैविकांसाठी २०१६ मध्ये सुचवल्या गेल्या. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी ती लिटरला ६४ नॅनोग्रॅम आहे. गाळासाठी मात्र बहुतेक वेळा पाण्याचाच आकडा घेऊन, औषध किती चिकटते याच्या एका गुणांकाने त्याला गुणले जाते. तो गुणांक रेताड गाळात जेवढा असतो, त्याच्या कित्येक पट सेंद्रिय, चिकणमातीच्या गाळात असतो. गाळातच वाढणाऱ्या सजीवांवर प्रत्यक्ष केलेल्या चाचण्या फार थोड्या आहेत. त्यातही एकेका औषधाचा हिशेब वेगळा मांडला जातो, आणि गाळात असतात दहा औषधे, धातू आणि जंतुनाशके एकत्र. अशा हिशेबातून ०.४ हे उत्तर आले आणि त्याला 'मध्यम धोका' म्हटले, तर त्या शब्दावर मी कितपत विसंबून राहावे?

२०२२ मध्ये नद्यांतील औषधांची आजवरची सर्वांत मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. १०४ देश, २५८ नद्या, १,०५२ ठिकाणे. सुमारे एक चतुर्थांश ठिकाणी किमान एक औषध सुरक्षित पातळीच्या वर होते. काम मोठे आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तीही पाण्याचीच पाहणी होती. तळाची अशी पाहणी अजून झालेली नाही, आणि जोवर ती होत नाही तोवर 'इतक्या टक्के नद्या सुरक्षित' हे वाक्य मी तरी लिहिणार नाही.

नियमांच्या बाबतीत काही हालचाल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविके बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी आणि घन कचऱ्यासाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे दिली. युरोपीय संघाने त्याच वर्षी मोठ्या शहरांतील सांडपाण्यावर औषधांचे अंश काढणारी जादा प्रक्रिया बंधनकारक केली आणि त्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषधे व सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांवर टाकला. भारतात जानेवारी २०२० च्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा सुचवल्या होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत. त्या पुन्हा आणाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. कारखान्याचे पाणी एका नळातून बाहेर येते, त्यात औषधाची तीव्रता जास्त असते, जबाबदार कोण हे ठाऊक असते. कोट्यवधी घरांच्या सांडपाण्यापेक्षा तेथे अडवणे किती तरी सोपे आहे. एकदा ते गाळात गेले की परत काढण्याचा व्यवहार्य मार्ग आज कोणाकडेच नाही. गाळ उपसणे म्हणजे तो दुसरीकडे नेणे.

कोणी हे वाचून डॉक्टरांनी दिलेले औषध घेणे थांबवू नये, ही विनंती. रुग्णावर याचे ओझे टाकणे मला अन्यायाचे वाटते.

माझी मागणी मर्यादित आहे. नदीची नियमित तपासणी करणाऱ्यांनी पाण्याबरोबर गाळाचेही नमुने घ्यावेत, एकच वरवरचा गोळा न उचलता थरांनुसार घ्यावेत, आणि पुराच्या आधी व नंतर दोन्ही वेळा घ्यावेत. त्यात निदान टेट्रासायक्लिन आणि फ्लोरोक्विनोलोन ही चिकटणारी औषधे मोजावीत, आणि प्रतिरोधाची दोन-चार नेहमीची जनुकेही. पात्रातून उपसलेला गाळ सुपीक म्हणून शेतात पसरण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी; सध्या झालीच तर ती धातूंची होते. तुमच्या नदीचा गाळ काढण्याचे काम सुरू झाले, तर तो कोठे जाणार आहे आणि त्यात काय काय मोजले आहे, हे लेखी विचारा, आणि उत्तर मिळाले तर मला येथे जरूर कळवा.